शाळा सोडण्याचे कारण

दाखल-खारीज रजिस्टरात अकरावा रकाना असतो,
शाळा सोडण्याचे कारण.
एकतीस वर्षं मी तिथं एकच वाक्य लिहितो आहे:
पालकांच्या विनंतीवरून.
हात थांबत नाही. शाई कधी निळी, कधी काळी.

हुडकेश्वर रोडला आमची शाळा, पहिली ते चौथी.
टिनाच्या चार खोल्या नि एक कडुनिंब होता
तेव्हा वैरागडे बाई मुख्याध्यापिका होत्या.
पावणेसातला फाटकाशी उभ्या.
शिट्टी नाही, भाषण नाही.
नुसत्या बघायच्या, कोण नखं खात येतंय,
कोणाची डब्याची पिशवी आज हलकी आहे.

गुरुवारी कोणाच्या तरी वर्गात शेवटच्या बाकावर बसायच्या.
गुडघे मावत नसत, म्हणून जराशा आडव्या.
तास संपला की व्हरांड्यात एवढंच विचारायच्या,
"ती खिडकीजवळची पोरगी, तिला हातचा समजला का हो?"
शिक्षिका आधी घाबरायच्या.
मग गुरुवारची वाट पाहायच्या.
मग एकमेकींच्या वर्गात जाऊन बसू लागल्या,
कोणी सांगितलं नव्हतं.
एका उन्हाळ्यात संस्थेनं पगार अडकवला.
बाईंनी पहिला दिला सोनटक्के शिपायाला, मग शिक्षिकांना.
स्वतःचा कधी उचलला ते माझ्या वहीत नाही,
आणि वही मीच लिहीत होतो.

त्या काळात विनंती म्हणजे विनंतीच होती.
बापाची बदली वणीच्या खाणीत,
किंवा आई पोरं घेऊन माहेरी, उमरेडला.

मग सचिवांचे जावई आले, संचालक म्हणून.
माणूस वाईट नव्हता, हेही लिहून ठेवतो.
भिंती रंगवल्या, प्रत्येक वर्गात कूलर दिला,
फळ्याच्या जागी पडदा,
आणि ऑफिसात एक मोठा आलेख.
तो मीच काढायचो, स्केचपेननं.
तीन वर्षं रेघ चढली, दोनशे दहावरून तीनशे चाळीसवर.
मलाही वाटलं, चला, जमलं.

हजेरीला मशीन लागलं.
खडूनं झिजलेले अंगठे ते ओळखेना.
मेश्राम बाई रोज सकाळी पदराला अंगठा पुसत उभ्या,
पाच मिनिटं उशीर, अर्धा दिवस कापा.
कापला. मीच.
त्या गेल्या. मागोमाग चाफले बाई.
शिक्षकांच्या फाइलीत वेगळं वाक्य असतं:
वैयक्तिक कारणास्तव.
दुसरी 'ब'ला एका वर्षात चार शिक्षिका झाल्या.
तुझ्या मॅडमचं नाव काय, मी एका पोराला विचारलं.
म्हणाला, "आत्ताच्या का?"

सहाव्या वर्षी रेघ वाकली.
संचालक आलेखासमोर बराच वेळ उभे होते.
"काहून कमी होऊन राहिले पोट्टे, बोकडेजी?"
मी म्हटलं, नवीन शाळा निघाल्या ना साहेब, बेसा रोडला.
खोटं नव्हतं ते.

परवा पल्लवी लांजेवार आली, मुलाचा दाखला काढायला.
तिचं स्वतःचं नाव सत्त्याण्णवच्या रजिस्टरात आहे,
माझ्याच अक्षरात.
सवयीनं विचारलं, कारण काय लिहू?
तिनं खिडकीतून वर्गाकडे पाहिलं.
"काका, मागच्या बाकावर आता कोणीच बसत नाही का?"
मग स्वतःच म्हणाली, "लिहा तुमचं नेहमीचं.
पुढच्या शाळेत अडायला नको."
लिहिलं.

येत्या जूनअखेर माझी सेवा संपते.
आज गुरुवार. चौथ्या तासाला मी रजिस्टर मिटलं
आणि तिसरीच्या वर्गात गेलो.
नवी मुलगी आहे, बाविसची असेल, निखाडे.
खडू हातातच राहिला तिचा.
"काका, नोटीस आहे का काही?"
नाही, म्हटलं. चालू द्या.
कूलरची घरघर चालू होती, पोरं मागे वळून हसत होती.
मला गणितातलं फार कळत नाही.
पण खिडकीजवळ कोण बसलंय ते पाहिलं,
आणि गुडघे मावेनात म्हणून
जरा आडवा झालो.